ऑर्गनवरील स्टॉपयोजना : अंक, नाव आणि उपासनेतील कार्य

'ऑर्गन' हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. संगीत नाटकाच्या बहराच्या काळात गायकनटाला साथ करणारा, पायांनी भाता हालवून वाजवावयाचा ऑर्गन अनेकांनी पाहिला असेल, निदान त्याविषयी ऐकले तरी असेल. त्या ऑर्गनच्या पट्ट्यांवर ओढावयाच्या खुंट्यांची एक ओळ असे. हातपेटीतही हीच सोय लहान प्रमाणावर आढळते. पेटी घेणारा जाणकार तिच्यात 'खर्ज, नर, मादी' यांपैकी कोणकोणते सूर आहेत याची चौकशी करतो, ती याच सोयीसंबंधी असते. एकच पट्टी दाबली असता एका सप्तकातील स्वर वाजावा, की त्याच्या जोडीला खालच्या वा वरच्या सप्तकातील तोच स्वरही वाजावा, ही निवड वादकाच्या स्वाधीन असते.

चर्चमधील मोठ्या ऑर्गनमध्ये या निवडीला फार व्यापक रूप प्राप्त झालेले आहे. तेथे पितळी सुरांच्या जागी धातूच्या आणि लाकडाच्या नळ्या असतात. एका जातीच्या नळ्यांची एक रांग, आणि ती रांग वाऱ्याला खुली अथवा बंद करणारी एक खुंटी, असा एक 'स्टॉप' होतो. असे स्टॉप लहान वाद्यात सातआठ, तर मोठ्या वाद्यात साठ किंवा त्याहूनही अधिक असतात. त्यांपैकी कोणते एकत्र उघडावयाचे याच्या शास्त्राला रजिस्ट्रेशन म्हणतात. येथे त्यास स्टॉपयोजना असे म्हटले आहे.

स्टॉपयोजना म्हणजे रचनेवर चढविलेला साज होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती बरोबर नाही. निदान चर्चसंगीतात तरी स्टॉपांची निवड ही प्रथम कार्याची निवड असते, आणि रुचीचा प्रश्न त्यानंतर येतो. कोणता स्वर पुढे यावा, शब्द कोणाच्या मुखी आहेत, आणि त्या क्षणी उपासनेत काय घडत आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे स्टॉपयोजनेत सामावलेली असतात. स्टॉपांवर लिहिलेली नावे आणि अंक मात्र या प्रश्नांची उत्तरे थेट देत नाहीत. शब्दाचा अर्थ जसा वाक्यातील स्थानावरून ठरतो, तसा स्टॉपचा अर्थ वाद्यातील आणि विधीतील त्याच्या स्थानावरून ठरतो. हे विधान काही निश्चित उदाहरणांच्या आधारे तपासून पाहता येते.

१. अंकाचा अर्थ

प्रत्येक स्टॉपवर नावापुढे एक अंक असतो : १६, ८, ४, २ इत्यादी. हे फूट होत. पट्ट्यांच्या अगदी डाव्या टोकाच्या षड्जाची उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असेल, तर तो स्टॉप ८ फुटी. त्या नळीची कंपने सेकंदाला सुमारे ६५ होतात. लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो, दुप्पट केली की एक सप्तक खाली येतो. म्हणून ८ फुटी स्टॉप लिहिलेल्या सप्तकातच वाजतो, ४ फुटी एक सप्तक वर आणि १६ फुटी एक सप्तक खाली. हा अंक नळीच्या प्रत्यक्ष लांबीचा असतोच असे मात्र नाही. वरचे टोक बंद केलेली नळी निम्म्या लांबीतच तो स्वर देते. त्यामुळे चार फूट लांबीच्या बंद नळीवर '८' असेच लिहिले जाते. म्हणजे येथील फूट हे माप लांबीचे राहिले नसून स्वराच्या उंचीचे झाले आहे.

याहून विलक्षण अंकही आढळतात. २ २/३ फुटांचा स्टॉप उघडून षड्जाची पट्टी दाबली असता वरच्या सप्तकातील पंचम वाजतो, तर १ ३/५ फुटांच्या स्टॉपवर दोन सप्तके वरचा गांधार वाजतो. षड्जाच्या पट्टीवर गांधार वाजविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर भारतीय संगीताच्या अभ्यासकास तंबोऱ्यापाशी सापडेल. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा अंश होय. ऑर्गनमधील १ ३/५ फुटी स्टॉप हा तोच पाचवा अंश स्वतंत्र नळीने निर्माण करतो, आणि २ २/३ फुटी स्टॉप तिसरा अंश निर्माण करतो. ८, ४, २ २/३, २ आणि १ ३/५ हे पाच स्टॉप एकत्र उघडले असता एका स्वराचे पहिले पाच अंश पाच नळ्यांनी रचले जातात. ऐकणाऱ्याला पाच स्वर ऐकू न येता एकच, किंचित अनुनासिक आणि रसरशीत स्वर ऐकू येतो.

आपल्याकडील संगीतशास्त्रात नादाचे तीन धर्म सांगितले जातात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. इतर बहुतेक वाद्यांत जाती ही वाद्याबरोबरच येते. ऑर्गनमध्ये उच्चनीचतेचे घटक जुळवून जाती घडविता येते. म्हणून स्टॉपवरचा अंक हा केवळ सप्तकाचा निर्देश नसतो. तो एकटा असेल तर उंची सांगतो, इतरांच्या संगतीत असेल तर नादाची जाती घडवितो. एकच खूण संदर्भानुसार दोन भिन्न कार्ये करते, हे भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

२. नावाचा अर्थ

अंकापेक्षा नाव अधिक फसवे आहे. स्टॉपांची स्थूल कुळे चार : ऑर्गनचा मूळ, स्वतःचा असा नाद देणारे प्रिन्सिपल, मृदू व पोकळ नादाचे फ्लूट, बारीक आणि धारदार नादाचे तंतुवाद्यसदृश स्टॉप, आणि पितळी जीभ थरथरवून वाजणारे ट्रंपेट, ओबो इत्यादी. पहिल्या तीन कुळांतील नळ्या शिटीच्या तत्त्वावर वाजतात, चौथ्यातील जिभेच्या.

यांपैकी सर्वांत महत्त्वाच्या, पहिल्या कुळातील ८ फुटी स्टॉपची निरनिराळ्या देशांतील नावे पाहण्यासारखी आहेत. जर्मन आणि इटालियन भाषांत त्यास 'मुख्य' या अर्थाचे नाव आहे. फ्रेंचमध्ये तो 'माँत्र', म्हणजे दर्शनी, कारण त्याच्या नळ्या वाद्याच्या दर्शनी भागी मांडलेल्या असतात. इंग्रजीत तो 'डायपेसन' होय. हा ग्रीक शब्द मुळात 'सर्व स्वरांतून', म्हणजेच सप्तकभर, या अर्थाचा आहे. एका भाषेने दर्जा पाहिला, दुसरीने जागा पाहिली, तिसरीने व्याप्ती पाहिली. नादाचे वर्णन यांपैकी एकाही नावात नाही. आणखी गमतीचे उदाहरण फ्रेंच ऑर्गनमधील २ फुटी 'कार्त' या स्टॉपचे. 'कार्त' म्हणजे चौथा. हा स्टॉप 'नाझार' नावाच्या २ २/३ फुटी स्टॉपहून चार स्वरांच्या अंतराने वर वाजतो, म्हणून तो कार्त. शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसेल तर या नावाचा काहीच अर्थ लागत नाही.

नावे समानार्थी दिसून कार्य भिन्न असणे, हा याहून मोठा धोका होय. फ्रेंच परंपरेत 'प्लँ झ्यू' आणि 'ग्राँ झ्यू' अशा दोन संज्ञा आहेत. शब्दशः पहिलीचा अर्थ 'पूर्ण स्टॉपसमूह', दुसरीचा 'मोठा स्टॉपसमूह'. कोशावर विसंबणारा दोन्हींचा अर्थ 'सर्व स्टॉप उघडावेत' असा करील, आणि दोन्ही ठिकाणी चुकेल. प्लँ झ्यू म्हणजे १६ फुटांपासून वर गेलेली प्रिन्सिपल कुळाची चढती रचना. तिच्या माथ्यावर एकाच पट्टीला अनेक बारीक नळ्या वाजविणारे 'मिक्श्चर' जातीचे स्टॉप असतात आणि जिभेचे स्टॉप वर्ज्य असतात. ग्राँ झ्यू म्हणजे ट्रंपेट, क्लेराँ, क्रोमॉर्न हे जिभेचे स्टॉप आणि त्यांच्या जोडीला कॉर्ने. येथे मिक्श्चर वर्ज्य. जिभेच्या नळ्या वरच्या सप्तकांत दुबळ्या पडतात, ती उणीव कॉर्ने भरून काढतो. पहिल्या योजनेवर संथ, भारदस्त, दीर्घ स्वरांचे वादन होते, तर दुसरीवर ठसठशीत संवादात्मक वादन. दोन संज्ञांमधील भेद आवाजाच्या प्रमाणाचा नसून प्रकाराचा आहे.

३. विधीतील स्थान : ब्रेशिया आणि पॅरिस

स्टॉपांच्या योजनांना विधीतील जागा कशी मिळते याचा एक जुना आणि स्पष्ट पुरावा इटलीतील ब्रेशिया येथील आहे. तेथील ऑर्गन बांधणाऱ्या घराण्यातील कोस्तान्झो आंतेन्याती याने १६०८ साली 'लार्ते ऑर्गानिका' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाप मुलाला शिकवीत आहे, अशा संवादाच्या रूपाने त्याने त्यात स्टॉपांच्या योजना सांगितल्या आहेत. प्रिन्सिपल कुळातील सर्व स्टॉपांचा मेळ, ज्यास तेथे 'रिप्येनो' म्हणत, तो उपासनेच्या अखेरीस टोकाटा वाजविण्यासाठी. मिस्साबलीत प्रसाद उंच धरला जातो त्या अत्यंत गंभीर क्षणी मात्र केवळ एकटा प्रिन्सिपल, कारण तो अतिशय नाजूक. 'फिफ्फारो' नावाच्या स्टॉपची एक रांग मुद्दाम किंचित बेसूर जुळविलेली असे. प्रिन्सिपलबरोबर ती वाजली की नादात कंप निर्माण होई. हा स्टॉप प्रिन्सिपलखेरीज अन्य कोणाबरोबरही उघडू नये, अन्यथा सर्वच बेसूर वाटेल, आणि त्यावर संथ व जोडलेले वादन करावे, असे आंतेन्याती बजावतो. या नियमांत सौंदर्यदृष्टी आहेच. परंतु प्रत्येक नियम विधीतील प्रसंगाशी किंवा वादनाच्या गतीशी बांधलेला आहे.

पॅरिसमध्ये हे नाते अधिक घट्ट झाले. तेथील चर्चमध्ये मिस्साच्या काही प्रार्थना गायकवृंद आणि ऑर्गन यांनी आळीपाळीने म्हणावयाच्या अशी प्रथा होती. १६६२ च्या पॅरिस येथील विधिग्रंथाने ऑर्गन कोठे वाजावा हे निश्चित करून दिले. किरिएच्या नऊ आवाहनांपैकी पाच ऑर्गनच्या वाट्याला येत आणि चार गायकांच्या. ऑर्गनच्या पाळीत त्या ओळीचे शब्द गायिले जात नसत. ऑर्गन शब्दांना साथ करीत नसे, तर शब्दांच्या जागी उभा राहत असे. श्रोत्याला कोणती प्रार्थना चालू आहे हे कळावयाचे, तर तिची परंपरागत चाल नादातून स्पष्टपणे ओळखू येणे आवश्यक होते. स्टॉपयोजना चुकली तर केवळ वादन बिघडत नसे, प्रार्थनेतील एक ओळच हरवत असे.

फ्रांस्वा कुपराँ याने १६९० साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, अशा दोन मिस्सा प्रसिद्ध केल्या. एक पॅरिश चर्चसाठी आणि दुसरी मठांसाठी. प्रत्येकीत एकवीस लहान रचना आहेत. पॅरिशसाठी लिहिलेल्या मिस्सेतील पहिल्या किरिएमध्ये जुनी चाल मधल्या पट्टीत, दीर्घ स्वरांत, पायांनी वाजविलेल्या ट्रंपेटवर येते, आणि तिच्याभोवती प्लँ झ्यूचा नाद पसरतो. पायांच्या पट्ट्या येथे खालचा आधार देण्यासाठी योजिलेल्या नाहीत. त्या काळच्या फ्रेंच ऑर्गनमध्ये पायांसाठी मुख्यतः ८ फुटी फ्लूट आणि ट्रंपेट असत, आणि चाल ऐकविणे हे त्यांचे एक प्रमुख काम होते. मठांसाठीच्या मिस्सेत मात्र अशी ठरावीक चाल घेतलेली नाही. निरनिराळ्या मठसंप्रदायांच्या चाली निरनिराळ्या असल्याने कोणा एकाची चाल घेऊन चालण्यासारखे नव्हते.

या रचनांची शीर्षके हीच त्यांची स्टॉपयोजना होय. मठांसाठीच्या मिस्सेतील प्रसाद उंच धरण्याच्या वेळच्या रचनेचे शीर्षक 'त्येर्स आँ ताय' असे आहे. 'ताय' या शब्दाचे फ्रेंच कोशात काप, कंबर, उंची असे अर्थ मिळतील. संगीतात तो पुरुषाच्या उंच आवाजाच्या पट्टीचा, म्हणजे टेनरचा, वाचक आहे. 'त्येर्स' म्हणजे वर वर्णन केलेला गांधाराचा स्टॉप, परंतु तो एकटा नव्हे. ८, ४, २ २/३, २ आणि १ ३/५ हा संपूर्ण मेळ या एका शब्दात गृहीत आहे. डावा हात या मेळावर मध्यपट्टीतील दीर्घ, अलंकृत चाल वाजवितो. उजवा हात वेगळ्या पट्ट्यांवर मृदू ८ व ४ फुटी स्टॉपांनी साथ करतो, आणि पाय मंद आधारस्वर देतात. इतका सगळा मजकूर तीन शब्दांच्या शीर्षकात आहे. तो समकालीन वादकाला उलगडून सांगावा लागत नसे. आजच्या अभ्यासकाला तो निव्हेर याच्या १६६५ च्या ऑर्गनपुस्तकासारख्या ग्रंथांच्या प्रस्तावनांतून, तसेच दों बेदो याने १७६६ ते १७७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ऑर्गनरचनेवरील बृहद्ग्रंथातून गोळा करावा लागतो.

४. जर्मन परंपरा : न लिहिलेला नियम

फ्रेंच रचनेत स्टॉपयोजना शीर्षकातच येते, तर जर्मन रचनेत बहुधा ती लिहिलेलीच नसते. योहान झेबास्टियान बाखच्या विपुल ऑर्गनरचनांत स्टॉपांचे उल्लेख अगदी मोजके आहेत. त्याला या विषयात रस नव्हता असा अर्थ यावरून काढणे सर्वथा चुकीचे होईल. त्याचा पुत्र कार्ल फिलिप एमानुएल याने चरित्रकार फोर्केल यास लिहिलेल्या पत्रांत सांगितले आहे, की बाख आपल्या पद्धतीने स्टॉप ओढू लागला की इतर वादक धास्तावत, हा मेळ चांगला वाजणे शक्य नाही असे त्यांना वाटे, आणि प्रत्यक्ष ऐकल्यावर ते चकित होत. वाद्याची परीक्षा करताना बाख प्रथम सर्व स्टॉप उघडून वाजवी आणि वाद्याची फुप्फुसे चांगली आहेत का हे पाहावयाचे आहे, असे विनोदाने म्हणे.

बाख स्टॉपांचा विचार कसा करीत असे याचा प्रत्यक्ष पुरावा १७०८ सालचा आहे. म्युलहाउझेन येथील चर्चच्या ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी त्याने एक टिपण सादर केले. त्यात मागितलेल्या ३२ फुटी स्टॉपचे समर्थन, तो सबंध वाद्याला गांभीर्य देईल, असे आहे. १६ फुटी फॅगटचा उपयोग नव्या कल्पनांसाठी आणि वाद्यवृंदासह होणाऱ्या संगीतासाठी सांगितला आहे. एक मंद ८ फुटी बंद स्टॉप अशाच मेळाच्या संगीताशी उत्तम जुळेल म्हणून मागितला आहे, तर गांधाराचा स्टॉप इतरांशी जोडून एक विशिष्ट मिश्रनाद सिद्ध करता यावा म्हणून. सबंध टिपणात केवळ 'गोड' म्हणून मागितलेला स्टॉप नाही. अनेकांपुढे त्यांचे काम लिहिलेले आहे.

बाखच्या मोजक्या सूचनांतही हाच दृष्टिकोन दिसतो. १७४८ च्या सुमारास छापलेल्या शुब्लर कोरालांपैकी एका रचनेवर त्याने लिहिले आहे : एका हाताच्या पट्ट्या ८ फुटी, दुसऱ्या हाताच्या १६ फुटी, पायांच्या ४ फुटी. स्टॉपांची नावे नाहीत, केवळ अंक आहेत. या अंकांचा परिणाम असा होतो, की पायांनी वाजणारी भजनाची चाल लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर जाते आणि डाव्या हाताचे वादन एक सप्तक खाली जाऊन आधारस्वर बनते. डोळ्यांना जो भाग तळाशी दिसतो तो कानांना मधोमध ऐकू येतो. अंक बदलले तर रचनेतील पट्ट्यांचा परस्परसंबंधच उलटेल, म्हणून ते लिहावे लागले. नादाची जाती मात्र वादकाच्या विवेकावर सोडता आली, म्हणून ती लिहिली नाही. 'ऑर्गेलब्युख्लाइन' या संग्रहातील एका रचनेत मात्र हातांसाठी ८ फुटी प्रिन्सिपल आणि पायांसाठी ८ फुटी ट्रंपेट असे नावासह लिहिले आहे. तेथे वरची पट्टी आणि पाय एकच चाल एकमेकांच्या मागोमाग म्हणतात, आणि दोन्ही आवाज वेगळे ओळखू येणे हा रचनेचा गाभा आहे.

बाखने लिहिणे आणि न लिहिणे यांत पाळलेला हा भेद अभ्यासकाने ध्यानी ठेवावा. ज्याविना रचना बदलते ते तो लिहितो, आणि जे परंपरेला ठाऊक आहे ते गृहीत धरतो. बोलीभाषेतही सर्वांना ठाऊक असलेला कर्ता अध्याहृतच राहतो. त्या परंपरेचा परिचय हवा असेल तर मेर्सेबुर्ग येथील कौफमान याच्या १७३३ पासून प्रसिद्ध झालेल्या कोरालसंग्रहाकडे वळावे. त्यात अपवादाने प्रत्येक रचनेची स्टॉपयोजना तपशीलवार दिलेली आहे.

५. समुदायाचे गायन

आतापर्यंतच्या उदाहरणांत ऑर्गन एकटा वाजत होता. सतराव्या शतकात जर्मन लुथेरन चर्चमध्ये त्याच्यावर हळूहळू आणखी एक जबाबदारी आली : शेकडो अशिक्षित कंठांना एका चालीत आणि एका लयीत घेऊन जाणे. येथे स्टॉपयोजनेची कसोटी अगदी वेगळी आहे. साथ ऐकू आली नाही तर लोक मागे रेंगाळतात, साथ अति झाली तर आपला आवाज निरर्थक आहे असे वाटून ते गप्प बसतात. दोन्ही प्रकारांत भजनाचे शब्द बुडतात.

या कामी नुसता मोठा आवाज उपयोगी पडत नाही. अनेक ८ फुटी स्टॉप एकत्र उघडले तर नाद जाड होतो, स्पष्ट होत नाही. त्याऐवजी ८, ४ आणि २ फुटी प्रिन्सिपल थोडक्या बळातही चाल स्वच्छ दाखवितात, कारण गाणाऱ्यांच्या आवाजाच्या वर उरणारी धार ते पुरवितात. पुरुष आणि स्त्रिया एका सप्तकाच्या अंतराने गातात. ८ आणि ४ फुटी नाद या दोन्ही पातळ्यांना आधार देतात, तर पायांचा १६ फुटी नाद सर्वांच्या खाली राहून लय आणि पाया सांभाळतो. हातांच्या पट्ट्यांवर १६ फुटी स्टॉप उघडला तर मात्र तोच नाद गाणाऱ्यांच्या मध्ये शिरून गढूळपणा आणतो. सुरुवातीला सावकाश बोलणारे तंतुसदृश स्टॉप येथे निरुपयोगी ठरतात, कारण समुदायाला स्वराच्या आरंभाचा नेमका क्षण हवा असतो. शिवाय माणसांनी भरलेले सभागृह उंच कंपने शोषून घेते. सरावाच्या वेळी रिकाम्या चर्चमध्ये जी योजना कर्कश वाटते, ती रविवारी भरलेल्या चर्चमध्ये जेमतेम पुरते.

कडव्यागणिक स्टॉप बदलावेत का, हा जुना वाद आहे. अर्थाला धरून एखादे कडवे मंद करणे, शेवटच्या स्तुतिपर कडव्यात मिक्श्चर किंवा ट्रंपेट जोडणे हे सर्वमान्य आहे. परंतु प्रत्येक शब्दाचे चित्र नादाने काढू पाहणारा वादक समुदायाचे लक्ष शब्दांवरून स्वतःकडे ओढतो. महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांच्या पदांपासून अभंग-भजनांच्या वळणाने ख्रिस्ती उपासनासंगीताची जी परंपरा वाढली, तिच्यात पेटीवाल्यासमोरही हाच प्रश्न असतो. शब्दांवर पेटी चढू न देता सूर धरून ठेवणे, हे तेथेही साथीचे पहिले कर्तव्य मानले जाते.

६. वाद्य बदलले म्हणजे

स्टॉपयोजना विशिष्ट वाद्याला बांधलेली असते, आणि वाद्ये बदलतात. येथे सर्वांत अवघड प्रश्न उद्भवतो.

सेझार फ्रांक हा पॅरिसच्या सेंट-क्लोतिल्द चर्चमध्ये वादक होता. तेथील ऑर्गन आरिस्तीद काव्हाये-कोल याने बांधला आणि तो १८५९ मध्ये कार्यान्वित झाला. फ्रांकच्या सूचना तपशीलवार आहेत, आणि त्यांत सर्व ८ फुटी मूलस्टॉपांबरोबर ओबो हा जिभेचा स्टॉप जोडण्याची सूचना वारंवार येते. सेंट-क्लोतिल्दचा ओबो या मेळात स्वतंत्रपणे पुढे न येता सर्वांना बांधून ठेवी. इंग्लंडमधील किंवा जर्मनीतील एखाद्या वाद्यावर त्याच नावाचा स्टॉप इतका अनुनासिक असू शकतो, की सबंध मेळावर तोच एकटा ऐकू येईल. अशा ठिकाणी सूचनेतील शब्द पाळला तर तिचा हेतू मोडतो. हेतू पाळावयाचा तर शब्द सोडावा लागतो आणि ओबो बंद ठेवावा लागतो. अनुवादकाला जो पेच रोज पडतो तोच हा पेच होय.

परंतु हेतू कळण्यासाठी मूळ वाद्य कोठेतरी ऐकावयास मिळाले पाहिजे. हँबर्गच्या सेंट याकोबी चर्चमधील ऑर्गनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. आर्प श्निटगर याने तो १६९३ मध्ये पुरा केला. साठ स्टॉप, हातांसाठी पट्ट्यांच्या चार ओळी आणि पायांसाठी एक. १७२० मध्ये बाख याच चर्चमधील वादकपदासाठी उमेदवार होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, या ऑर्गनच्या दर्शनी भागातील नळ्या धातूसाठी काढून घेण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात नळ्या व वातपेट्या १९४२ मध्ये उतरवून सुरक्षित ठेविल्या गेल्या, म्हणून वाचल्या. १९४४ मध्ये चर्चवर बाँब पडले तेव्हा वाद्याचा लाकडी सांगाडा जळून गेला. युद्धानंतर वाद्य पुन्हा उभे राहिले, आणि १९८९ ते १९९३ या काळात युर्गेन आरेंट याने जुन्या नळ्यांच्या अभ्यासावरून त्याचे काळजीपूर्वक पुनरुज्जीवन केले.

या चार-पाच तारखांवर किती ज्ञान अवलंबून होते, हे सहज लक्षात येईल. नळ्या १९४२ मध्ये उतरविल्या नसत्या, तर उत्तर जर्मनीतील सतराव्या शतकाच्या स्टॉपयोजनेविषयीच्या अनेक विधानांना कानांचा पुरावाच उरला नसता. युद्धाइतकाच नाश रुचीनेही केला आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कित्येक जुन्या ऑर्गनमधील मिक्श्चर 'कर्कश' म्हणून काढून टाकून त्यांच्या जागी मृदू ८ फुटी स्टॉप बसविण्यात आले. काढणाऱ्यांना ते नादाचे अलंकार वाटले. प्रत्यक्षात समुदायाच्या गायनाला धार देणारा आणि प्लँ झ्यूसारख्या संज्ञेला अर्थ देणारा तो घटक होता. संज्ञा पुस्तकात राहिली आणि तिचा अर्थ वाद्यातून निघून गेला.

उपसंहार

वरील विवेचनावरून स्टॉपयोजनेचा अभ्यास करणाराने कोणत्या क्रमाने विचार करावा हे सांगता येईल. प्रथम रचनेचे विधीतील स्थान पाहावे : ती शब्दांच्या जागी आहे, शब्दांच्या आधी आहे, की शब्दांबरोबर आहे. त्यानंतर चाल कोणत्या पट्टीत आहे आणि ती कोणाला ऐकू यावयाची आहे हे निश्चित करावे. मग रचनाकाराच्या वाद्यावर त्या संज्ञेचा अर्थ काय होता याचा शोध घ्यावा. समोरच्या वाद्यावरील स्टॉपांची नावे या तीन पायऱ्यांनंतरच वाचावीत. ती जुळली तर उत्तम. न जुळल्यास नावाचा आग्रह सोडून तेच कार्य करणारा दुसरा मेळ शोधावा, आणि तो भरलेल्या चर्चमध्ये दुसऱ्या कोणाला तरी वाजवावयास सांगून खाली लोकांच्या जागी बसून ऐकावा. वादकाच्या जागी बसून ऐकू येणारा ऑर्गन आणि लोकांना ऐकू येणारा ऑर्गन यांत पुष्कळदा फार अंतर असते.